धुराड्यापासून एकसष्ट मीटर

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी भूमापन कार्यालयातला फोन वाजला. पलीकडून पोहण्याच्या तलावाचे रखवालदार बोलत होते. "तुमचं पत्र मिळालं," ते म्हणाले. "माझ्या तलावात म्हणे खाणीची विहीर आहे."

"हो काका," धाकटी म्हणाली. "सतरा नंबरची. पत्रात सगळं लिहिलंय. नोंद घ्या आणि पोचपावतीवर सही करून पाठवा."

"पाठवतो की. एकच शंका होती. तलावात विहीर आहे, तर तलावातलं पाणी अजून तलावातच कसं?"

पत्राच्या नमुन्यात ही शंका कुणी गृहीत धरलेली नव्हती.

धाकटी घरात शेंडेफळ म्हणून धाकटी होतीच. पण एकदा भाऊ विसरलेला डबा द्यायला आला आणि "आमची धाकटी कुठं बसते?" असं त्यानं दारातूनच ओरडून विचारलं, तेव्हापासून ती सरकारी कागद सोडून सगळीकडे धाकटी झाली. तिचं काम होतं खाणीच्या विहिरी शोधणं. गावाखाली जुनी खाण होती, चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेली. खाणीत उतरायला एक्केचाळीस उभ्या विहिरी होत्या. बंद करताना बऱ्याचशा विहिरींच्या तोंडावर लाकडं टाकली, वर माती लोटली आणि सगळे घरी गेले. नंतर त्या मातीवर गाव पसरलं. कुठली विहीर कुणाच्या बैठकीच्या खोलीखाली आहे, हे फक्त खाणीच्या एका जुन्या वहीला माहीत होतं, आणि ती वही आपल्याच भाषेत बोलत होती: धुराड्यापासून पूर्वेला इतके फूट, उत्तरेला इतके फूट.

ती भाषा आजच्या नकाशाच्या भाषेत आणायला धाकटीनं एक शीट बनवली होती. पहिल्या कॉलममध्ये विहिरीचा नंबर, पुढच्या दोनांत वहीतले फूट. मग फुटांचे मीटर. खाणवाल्यांची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेपासून अडीच अंश वाकडी होती, म्हणून सगळं तेवढं फिरवायचं. शीटला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात. हे विसरून पहिल्या दिवशी तिनं अडीच रेडियन फिरवलं, तेव्हा अख्खी खाण रुसल्यासारखी पाठ करून बसली. ते निस्तरलं. मग शेवटच्या पायरीला अक्षांश-रेखांशांचे कॉलम उलटसुलट झाले आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस विहिरी समुद्रात पडल्या, किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत. साहेबांनी त्याचा प्रिंट काढून सूचनाफलकावर लावला आणि खाली लिहिलं, "विभागाची नवी शाखा." तेही निस्तरलं. तेव्हापासून विहिरी गावात होत्या, मुकाट्यानं, जागच्या जागी. शीटच्या तळाशी "तयार केले" पुढे धाकटीची सही होती आणि "तपासले" पुढे साहेबांची.

"काका, तलाव खोदताना विहीर बुजवली असेल," ती म्हणाली.

"कोण बुजवणार? खोदला तेव्हा मीच इथं उभा होतो. चांगली घट्ट पिवळी माती निघाली. आणि सतरा नंबर म्हणता? सतरा नंबर बागेत आहे. गुलाबांच्या वाफ्याखाली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी खाणीत दिवे वाटायचो. सतरा नंबरनं उतरायचो आणि, नशिबानं, सतरा नंबरनंच वर यायचो. त्या वाफ्याला किती का पाणी घाला, पुरत नाही. माळी म्हणतो, गुलाबाची जातच आधाशी. मी म्हणतो, असेल बाबा."

धाकटी हसली. मग तिनं नकाशावर बाग उघडली, गुलाबांचा वाफा शोधला, तलावापर्यंतचं अंतर मोजलं आणि तिचं हसू गेलं. पासष्ट मीटर. विहीर एखाद-दोन मीटर इकडेतिकडे असू शकते. पासष्ट मीटर जायला विहिरीला पाय लागतात.

"काका, थांबा, मी पुन्हा फोन करते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून बारा.

अकरा वाजता दादा पूल उचलणार होता.

दादा म्हणजे तो डबा आणणारा भाऊ. तो क्रेन चालवायचा. गावातल्या मोठ्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी अठरा टनी लोखंडी पूल बसायचा होता. आज सकाळी तो जमिनीवरून उचलून खांबांवर ठेवायचा. क्रेन कुठं उभी करायची ते ठरवण्याआधी कंपनीनं या कार्यालयाला रीतसर विचारलं होतं, जवळपास खाणीची विहीर आहे का? वीस मीटरच्या आत असेल तर क्रेन उभी करता येत नाही. धाकटीच्या शीटनं उत्तर दिलं होतं, सर्वांत जवळची विहीर तेवीस नंबरची, अंतर चौसष्ट मीटर. सेल हिरवा. क्रेन उभी राहिली होती.

आणि दादा तिच्याशी अकरा दिवस बोलत नव्हता.

भांडण आईच्या वाढदिवसाला झालं. दादानं आठ पाहुण्यांसमोर सांगितलं, की धाकटी सात वर्षांची असताना तिनं घराचा नकाशा काढला, तो हातात धरून न्हाणीघराकडे निघाली आणि शेजाऱ्यांच्या पलंगाखाली सापडली. पाहुणे पोट धरून हसले. मग धाकटीनं सांगितलं, की दादा क्रेनच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा विजेच्या खांबाला धडकून, आणि दोन्ही वेळा खांब तोच होता. पाहुणे त्याहून जास्त हसले. तिथून अबोला. एका घरात, एका टेबलावर, मधे आई टपालखातं.

"आई, तिला सांग, मीठ दे."

"आई, त्याला सांग, मीठ त्याच्या कोपराखाली आहे."

आई दोन्ही निरोप पोचवायची, कारण न पोचवावेत तर दोघं जेवण थांबवून तिच्याकडे बघत बसायचे.

धाकटीनं कपाटातून मोजणीचं यंत्र काढलं आणि धावत सुटली. कार्यालयाच्या मागे वाचनालय होतं आणि वाचनालयाच्या मागे एक लोखंडी झाकण, त्यावर ओतीव अक्षरात नऊचा आकडा. गावातल्या सगळ्या पोरांनी त्याच्यावर बसून बिस्किटं खाल्ली होती. त्या जागेचं नावच "नऊ नंबर". धाकटीनं तीन आठवडे नऊ नंबरची विहीर शीटमध्ये मोजली होती आणि नऊ नंबरच्या झाकणावर बसून रोज दुपारी डबा खाल्ला होता, आणि या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख करून द्यायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. गटाराचं झाकण असेल, असं ती धरून चालली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं तर ती दिव्यावरच बसली होती.

यंत्र झाकणावर ठेवलं. आकाशातले उपग्रह गोळा व्हायला त्याला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत वाचनालयाच्या खिडकीतून एका आजोबांनी विचारलं, "काय मोजताय?"

"झाकण."

"मोठं आहे का?"

"बघते."

आकडे आले. तिनं ते तळहातावर पेनानं लिहिले आणि उलट पावली धावली. शीटमध्ये नऊ नंबरच्या ओळीशेजारी ते टाकले आणि वजाबाकी केली. शीट विहिरीला झाकणाच्या एकसष्ट मीटर पूर्वेला आणि चोवीस मीटर उत्तरेला दाखवत होती.

मग तिनं सतरा नंबर घेतला. तलावातून एकसष्ट मीटर पश्चिमेला, चोवीस दक्षिणेला. गुलाबाचा वाफा.

एखादी विहीर चुकली असती तर वहीतला आकडा चुकला म्हणता आलं असतं. दोन्ही विहिरी तंतोतंत एकसारख्या सरकल्या होत्या. म्हणजे सगळ्याच सरकल्या होत्या. आणि सगळ्या विहिरींना एकदम सरकवू शकेल अशी जागा शीटमध्ये एकच होती: सगळ्यात वर, डॉलरची खूण लावून पक्के केलेले दोन सेल. धुराड्याची जागा. खालची प्रत्येक ओळ त्या दोन सेलकडे बघून आपलं ठिकाण ठरवायची.

आणि धुराडं तिनं स्वतः मोजलं होतं. चौकाच्या मधोमध, तीन तास, भर रहदारीत. चार गाडीवाल्यांनी तिला पोलीस समजून रस्ता विचारला होता. दिशा तिनं खाणीच्या जुन्या रुळांवरून घेतली होती, ते अजून जागेवर होते, जागा धुराड्यावरून. एक दिशा, एक जागा. गणित सुटायला एवढं पुरतं. तपासायला काही उरत नाही. समुद्रात पडलेली विहीर शिपायालाही दिसते, पण शेजारच्या गल्लीत पडलेली कुणाला दिसणार?

तिनं तलावावर फोन लावला.

"काका, खाणीचं धुराडं कुठं आहे?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? किती आहेत?"

"एक होतं ते, आणि एक आहे ते. चौकातलं म्हणत असाल तर ते धुराडं नाही हो, धुराड्याची आठवण आहे. खरं वाकायला लागलं म्हणून पाडलं, वीस एक वर्षं झाली. मग लोक म्हणाले, चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. म्हणून नगरपालिकेनं चौकात सिमेंटचं बांधून दिलं. हुबेहूब. वर काजळीसुद्धा रंगवलीय."

"आणि खरं कुठं होतं?"

"आता गाड्या लावतात ना, तिथं. चौकाच्या अलीकडे, पश्चिमेच्या अंगाला. ऐंशी-नव्वद पावलं धरा."

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

"मला विचारलं कुणी?"

धाकटीनं वरच्या दोन सेलमध्ये दुरुस्ती केली. एकातून एकसष्ट वजा, दुसऱ्यातून चोवीस. एंटर दाबताच एक्केचाळीस विहिरींनी एकदम कूस बदलली. तिला खाली बघत जायची गरज नव्हती. तेवीस नंबरच्या ओळीत शेवटचा सेल, "क्रेनपासून अंतर", मघापर्यंत हिरवा होता, चौसष्ट. आता तो लाल होता. चार पूर्णांक दोन.

क्रेनला चार पाय असतात. उचलताना ते चारी बाजूंना पसरून जमिनीवर रोवतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. कंपनीनं दिलेल्या आराखड्यात त्या पायांच्या जागा होत्या. वायव्येचा पाय क्रेनच्या मध्यापासून तीन मीटर पश्चिमेला, तीन मीटर उत्तरेला. तेवीस नंबरची विहीरही क्रेनच्या मध्यापासून तीन मीटर पश्चिमेला, तीन मीटर उत्तरेला.

दहा वाजून अडतीस.

तिनं दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. क्रेनवर चढताना फोन पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नियम होता. साइटच्या ऑफिसात लावला; घंटी वाजत राहिली. पूल उचलायचा म्हणजे सगळे बाहेर बघायला उभे असणार. मग तिनं आईला लावला.

"आई, दादाशी बोलायचंय."

"अगं बाई!" आई म्हणाली. "सुटला का एकदाचा अबोला! थांब हं, मी देव..."

"आई, नाही. क्रेन विहिरीवर उभी आहे. त्याच्यासोबत कोण आहे? कुणाचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"माझ्याकडे त्याचाच आहे," आई म्हणाली. "आणि तो डब्यात असतो." मग तिचा आवाज एकदम बदलला. "मग तू फोनवर काय करतेस? जा ना!"

साहेब आपल्या खोलीत पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांची ख्याती अशी, की कार्यालयाला आग लागली तरी ते विषय पुढच्या बैठकीत घेतील. धाकटीनं संगणकाचा पडदाच त्यांच्याकडे वळवला आणि चार वाक्यांत सांगितलं. साहेब सेलकडे बघत राहिले.

"लाल आहे," ते म्हणाले.

"हो."

"माझी सही आहे त्याच्यावर."

"माझी पण आहे, साहेब. आणि क्रेनमध्ये माझा भाऊ आहे."

साहेबांनी पेन्सिल ठेवली, टेबलाखालून हेल्मेट काढलं आणि स्कूटरची चावी घेतली. "बैठक नंतर घेऊ," ते म्हणाले. बैठक नंतर, हे शब्द त्यांच्या तोंडून कार्यालयानं पहिल्यांदाच ऐकले. शिपाई उठून उभा राहिला.

खाली आल्यावर धाकटी म्हणाली, "मी चालवते." साहेबांची स्कूटर जन्मात कधी पंचविसाच्या वर गेली नव्हती.

"लायसन्स आहे?"

"आहे."

"जवळ आहे?"

"साहेब, बसा!"

साहेब बसले. ती निघाली तशी स्कूटरनं असे आवाज काढले, जसे तिनं आजवर फक्त इतर गाड्यांचे ऐकले असावेत. मागे साहेब प्रत्येक वळणाला नियमाप्रमाणे हात काढून दाखवत होते. चौकात ते सिमेंटचं धुराडं उभं होतं, रंगवलेली काजळी मिरवत. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिच्या डोक्यात एकच चित्र होतं: पूल अजून जमिनीवर असेल तर ठीक. वर गेला, की क्रेनचा लांब हात भारासकट जिकडे वळेल तिकडचा पाय जवळजवळ सगळं वजन घेतो. पुलाचे खांब क्रेनच्या वायव्येला होते.

अकराला पाच कमी असताना ते दोघं साइटच्या जाळीपाशी पोचले. जाळीपलीकडे पूल जमिनीवर नव्हता. तो माणसाच्या डोक्यापेक्षा दुप्पट उंच लटकत होता आणि अजून वर चालला होता. दादा वेळेच्या बाबतीत फार वाईट माणूस होता. नेहमी पाच मिनिटं आधी.

"हेल्मेट," गेटवाला म्हणाला.

"क्रेन थांबवा! तिच्या पायाखाली विहीर आहे!"

"असेल ताई, पण हेल्मेटशिवाय आत नाही."

साहेबांनी आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं.

"हे स्कूटरचं आहे," गेटवाला म्हणाला. "इथं पिवळं लागतं. पिवळं मी देतो, पण आधी रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कुणाला भेटायचं आणि कारण." त्यानं रजिस्टर उघडलं. पेन दोऱ्यानं बांधलेलं होतं आणि दोरा पेनापेक्षा लांबीनं कमी होता. "मला नियम आहे हो. मागच्या महिन्यात मी मालकालाही अडवलं होतं."

धाकटीनं जाळीतून बघितलं. क्रेनपुढे नारिंगी जाकिटातला खूणवाला उभा होता, तिच्याकडे पाठ करून. दादा फक्त त्याच्याच खुणा बघणार, ओरडणं त्याला काचेआड ऐकू जाणार नाही. खूणवाल्यानं उजवा हात आडवा केला. वळव. पूल हळूच वळायला लागला. पाव फेरा, आणि भार वायव्येच्या पायावर.

खुणा सगळ्या घराला पाठ होत्या. दादा परीक्षेची तयारी जेवणाच्या टेबलावर करायचा. गॅस बारीक करायला आई अजूनही अंगठा खाली दाखवायची. आणि प्रत्येक जेवणाला एक वाक्य ठरलेलं असायचं, दादा बोट वर करून म्हणायचा ते: "बाकीच्या खुणा खूणवाल्यानंच द्यायच्या. पण 'थांब' ही खूण कुणीही द्यावी. मालकानं, चहावाल्यानं, रस्त्यानं जाणाऱ्यानं. कुत्र्यानं दिली तरी क्रेनवाल्यानं थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं, कुत्र्या, का?"

"साहेब, स्कूटर धरा," धाकटी म्हणाली.

"धरतो. म्हणजे कशी?"

ती सीटवर चढली. साहेबांनी हँडल दोन्ही हातांनी गच्च पकडलं आणि डोळे मिटले. जाळीच्या वर तिचं डोकं आलं, मग खांदे. तिनं दोन्ही हात आडवे पसरले, तळवे खाली, आणि झुलवायला लागली. पुढे, मागे, पुढे, मागे. थांब, थांब. खाली गेटवाला म्हणाला, "ताई, जाळीवरून वाकायला मनाई आहे," आणि साहेब मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "त्या वाकलेल्या नाहीत, उभ्या आहेत."

पूल वळत होता.

क्रेनच्या काचेत आधी आकाश दिसत होतं. मग क्रेन थोडी वळली, काचेवरून आकाश घरंगळलं आणि आत दादाचा चेहरा दिसला. त्यानं तिला बघितलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. स्कूटरचं मोठं हेल्मेट घातलेली आपली बहीण जाळीवर पक्ष्यासारखे हात हलवतेय, हे एखाद्याला भांडणाचा पुढचा भाग वाटलं असतं, तर त्याला दोष देता आला नसता. खूणवाला हात आडवा धरूनच होता. वळव, वळव.

धाकटीला वाटलं, त्यानं मान फिरवली तर संपलं. तिनं हात थांबवले नाहीत.

पूल थांबला.

थांबला म्हणजे क्रेन थांबली. पूल दोऱ्यांवर लांब झोके घेत राहिला, अठरा टनांचे. खूणवाला वैतागून हातवारे करायला लागला. दादानं काचेतून त्याच्याकडे बघून बोटानं जाळीकडे दाखवलं. खूणवाल्यानं वळून बघितलं. धाकटी जिवाच्या आकांतानं ओरडली, "पायाखाली विहीर! तो पाय! तो, तो!" आणि नेमक्या त्या क्षणी, कुणी न सांगता, वायव्येच्या पायाखालची लोखंडी पट्टी करकरली आणि खचली. चार बोटं, फार नाही. क्रेन तेवढी कलली. पूल विहिरीच्या बाजूला झोका घेऊन आला.

घाईनं खाली सोडावा तर खालची माणसं झोक्यात सापडणार, वळवावा तर पाय जाणार. दादानं काहीच केलं नाही. हे काहीच-न-करणं शिकायला त्याला तीन परीक्षा लागल्या होत्या. पूल तिकडे गेला, इकडे आला, पुन्हा गेला, थोडा कमी. धाकटी हात पसरून तशीच उभी होती. खाली घ्यायचं तिच्या लक्षातच येत नव्हतं. सहाव्या का सातव्या झोक्याला पूल शांत झाला. मग इंचाइंचानं क्रेन उलट वळली, जिकडून आली तिकडे. पूल लाकडी ठोकळ्यांवर टेकला आणि दोऱ्या सैल पडल्या.

साहेबांनी डोळे उघडले. "झालं?" त्यांनी विचारलं. "माझा हात बधिर झालाय."

पुढचं सगळं पायी झालं. गेटवाल्यानं धाकटीला पिवळं हेल्मेट दिलं, आणि तिनं रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं: "विहीर." क्रेन पाय आखडून हळूहळू मागे गेली. पायाखालची पट्टी उचलली तेव्हा खाली माती बशीसारखी खचलेली दिसली. खूणवाल्यानं कमरेला दोरी बांधून घेतली, लांबून हात पुढे करून त्या बशीत पहार खुपसली. पहार हातभर गेली, मग एकदम हलकी झाली आणि त्याच्या हातातून निसटून गेली. धाकटीनं मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग खूप खालून, पाण्यातून, आवाज आला.

गेटवाला जवळ आला, खाली डोकावला आणि रजिस्टरमध्ये "साहित्य बाहेर" या सदरात लिहिलं: पहार, एक.

दादा क्रेनवरून उतरून आला होता, आणि साहेबांनी त्याला शीट आणि धुराडं चार वाक्यांत सांगितलं होतं. तो धाकटीपासून हातभर अंतरावर उभा राहिला, विहिरीकडे बघत. त्यानं पत्र्याच्या डब्यातून फोन काढला आणि लावला.

"आई, तिला विचार," तो म्हणाला, "एक्केचाळीस विहिरी एका धुराड्यावर कशा काय टांगल्या म्हणून."

फोनमधून आईचा आवाज हातभर अंतरावरही स्पष्ट ऐकू आला. "ती तिथंच आहे ना? धड आहे ना? तू धड आहेस?"

"हो."

"मग टपाल आजपासून बंद," आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.

दोघं उभे राहिले. मधे विहीर नव्हती, आई नव्हती, मीठसुद्धा नव्हतं.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. "धुराडं खोटं होतं. नऊ नंबरचं झाकण आज मोजलं, तेव्हा कळलं."

"एकच झाकण मोजलंस?"

"आणि एक गुलाबाचा वाफा."

"वाफा धरत नाहीत." दादानं डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "दुसरं झाकण नाही का कुठं?"

"एकतीस नंबरचं आहे, असं वहीत आहे. बस डेपोच्या मागे. त्यानं जुळलं तर उरलेल्या पत्रांचं... साहेब, सगळी पत्रं परत मागवावी लागतील."

साहेब बधिर हात चोळत म्हणाले, "बैठक लावतो. आज. उभ्यानं."

धाकटीनं खिशातून कागद काढला आणि त्यावर एकतीस नंबरपर्यंतचा रस्ता आखायला घेतला. दादानं तो कागद तिच्या हातातून काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या खिशात ठेवला.

"रस्ता मी सांगतो," तो म्हणाला. "तू यंत्र घे."

एरवी या वाक्यावर आणखी अकरा दिवस गेले असते. धाकटीनं यंत्र घेतलं.